मिलानच्या आया

मैत्रिणींनो, आज इटलीतल्या मिलान शहरातल्या एका जागेची आणि तिथल्या आयांची हकिगत सांगते.

मिलान म्हणजे तेव्हा कारखान्यांचं शहर. १९७५ च्या ऑक्टोबरात तिथल्या तरुणांनी लेओंकाव्हालो नावाच्या रस्त्यावरचा बंद पडलेला कारखाना ताब्यात घेतला. कामगारांच्या वस्तीत पाळणाघर हवं, बालवाडी हवी, वाचनालय हवं, बायकांसाठी दवाखाना हवा, अशी त्यांची मागणी होती. तिथे मालक नाही, मुकादम नाही. सगळ्यांनी बैठकीला बसायचं आणि तिथेच ठरवायचं. जागेला रस्त्याचंच नाव पडलं.

असा उत्साह दोन-तीन वर्षं टिकतो. पुढे पोरं नोकरीला लागतात, संसारात पडतात, बैठकीची हजेरी रोडावते. आपल्या गटांतही हे होतंच की!

लेओंकाव्हालोत मात्र तिसऱ्या वर्षी आक्रीत घडलं. १८ मार्च १९७८, शनिवारची संध्याकाळ. तिथे येणारे फाऊस्तो तिनेली आणि लोरेन्झो इयानुच्ची घरी जेवायला निघाले होते. दोघंही अठरा वर्षांचे. वाटेतच त्यांना गोळ्या घालून मारलं. वस्तीत हेरॉइन कोण विकतं, याची माहिती गोळा करण्याच्या कामात ही पोरं होती. २००० साली न्यायालयाने तपासाची फाइल बंद केली. या खुनांसाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

त्या खुनांनंतर वस्तीतल्या बाया एकत्र आल्या आणि स्वतःला ‘लेओंकाव्हालोच्या आया’ म्हणवू लागल्या. सगळ्यांचीच मुलं गेली होती असं नाही. पण पोरांच्या जागेला आपण राखण बसायचं, हे त्यांनी ठरवलं. मला वाटतं, जागा टिकली ती इथून. तरुणांच्या पिढ्या बदलत गेल्या, आया मात्र येत राहिल्या. न्याय मागणं त्यांनी दशकानुदशकं सोडलं नाही.

१६ ऑगस्ट १९८९ ला पोलिसांनी बुलडोझर लावून इमारत पाडली. लोकांनी ती पुन्हा उभी केली. १९९४ मध्ये तिथून निघावं लागलं, तर त्याच वर्षी वात्तो रस्त्यावरच्या एका जुन्या कारखान्यात बस्तान बसवलं. तिथे स्वयंपाकघर चाले, गाण्याचे कार्यक्रम होत, परदेशातून आलेल्यांना इटालियन शिकवत. ही जागा खाजगी मालकीची होती आणि कोर्टाचा निकाल मालकाच्या बाजूने लागला होता, हेही सांगायला हवं. जागा खाली करून घ्यायला माणसं येत आणि तारीख पुढे ढकलली जाई, असं शंभराहून जास्त वेळा झालं.

मधल्या काळात आयांनी रीतसर संस्था केली होती. व्यवहाराला कुणाचं तरी नाव लागतंच. २०२४ मध्ये कोर्टाने ठरवलं की जागा खाली करून न दिल्याबद्दल सरकारने मालकाला तीस लाख युरो द्यावेत. मग सरकारने ती रक्कम आयांच्या संस्थेकडे मागितली. गटाच्या कागदांवर अध्यक्ष-सचिव म्हणून सह्या करणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

२१ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे पोलिसांनी वात्तो रस्त्यावरची जागाही ताब्यात घेतली. आत कुणी नव्हतं. पुढच्या महिन्यात, ६ सप्टेंबरला, मिलानच्या रस्त्यांवरून हजारो माणसांचा मोर्चा निघाला.