पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर: दोष कुणाचा, शोध कुणामुळे

जुन्नर-आंबेगावच्या आपल्या बचत गटांत एक विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, आणि मग कुणाच्या तरी जावेला नाहीतर चुलत सासूला निघालेला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. आवाज खाली येतो, कारण या आजाराचा दोष फार वर्षं बाईवरच टाकला गेला. लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणं, अस्वच्छता, आणि न बोलता सुचवलेलं तिचं चारित्र्य. यातल्या काही गोष्टींनी धोका वाढतो हे खरं. पण मूळ कारण वेगळंच निघालं.

ते सापडलं जर्मनीत. हेराल्ड त्सुर हाउझेन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनं 1983 मध्ये या कॅन्सरच्या गाठींमध्ये एक विषाणू ओळखला. त्याचं नाव एचपीव्ही, आणि नंबर 16. पुढच्याच वर्षी 18 नंबर सापडला. तेव्हा हे पटवून द्यायला त्यांना बरीच वर्षं लागली. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता हे नंबर काय आहेत? आपल्या पश्चिम भागातल्या बायांना हे सांगायला सोपं आहे. आंबेमोहोरही भातच आणि इंद्रायणीही भातच, पण दाणा वेगळा, वास वेगळा, उतारा वेगळा. तसे एचपीव्हीचे 200 हून जास्त प्रकार आहेत. काही हातापायावर चामखीळ आणतात. 6 आणि 11 नंबर जांघेत, मायांगावर चामखीळ आणतात, पण कॅन्सर सहसा करत नाहीत. घातक म्हणावेत असे साधारण डझनभर. त्यातले 16 आणि 18 मिळून जगातल्या या कॅन्सरपैकी 70 टक्क्यांच्या आसपास घडवतात.

आणि एकाच 16 नंबरातही पोटभेद आहेत. एकच बियाणं कुकडीच्या खोऱ्यात आणि घोडच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वेगळं पेरलं तर त्यात बारीक फरक पडत जातो, तसंच हे. या विषाणूची सगळी माहिती सुमारे 7,900 अक्षरांत लिहिलेली असते. माणूस जगभर पसरला तसा तोही बरोबर गेला, आणि एकेक अक्षर बदलत गेलं. म्हणून शास्त्रज्ञांनी पोटभेदांना आधी खंडांची नावं दिली: युरोपी, आशियाई, आफ्रिकी. भारतातल्या बायांमध्ये 16 चा जास्त करून युरोपी म्हटला जाणारा पोटभेद सापडतो. काही पोटभेद इतरांपेक्षा जास्त वेळा कॅन्सरपर्यंत जातात, हेही दिसलं आहे.

2017 मध्ये पाच हजारांहून जास्त बायांमधल्या 16 नंबरची अक्षरं एकमेकांशी ताडून पाहिली गेली. त्यात ई7 नावाचा तुकडा कॅन्सर झालेल्या बायांमध्ये जवळजवळ न बदललेला दिसला. पेशींची वाढ आवरणारा लगाम हाच तुकडा तोडतो. तो बिघडला, तर विषाणूला कॅन्सर करणं जमत नाही.

पण मुख्य गोष्ट ही की, हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही तो होतो. बहुतेक जणींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो वर्षानुवर्षं ठाण मांडतो, त्यांना धोका. कुणाच्या चारित्र्याचा हा दाखला नाही.

घातक नंबर कळले, म्हणजे ते शोधायची तपासणी करता येते. पण ती खेड्यात उपयोगी पडते का? हे सिद्ध झालं आपल्याच महाराष्ट्रात. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या 346 गावांत कार्यकर्ते घरोघर फिरायचे. गंमत अशी की, नुसत्या या फिरण्या-बोलण्यानंच बाया आधीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या.

मग 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक कॅन्सर संशोधन संस्था यात होती. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया, 52 गावगट. एका भागात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात काचेवर पेशी घेऊन तपासणी, तिसऱ्यात पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात नेहमीची सोय, म्हणजे तपासणी जवळजवळ नाहीच. निकाल 2009 मध्ये छापून आला. आठ वर्षांत चौथ्या भागात या कॅन्सरनं 64 बाया गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या भागात 34. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले. बाकी दोन पद्धतींत एवढा फरक दिसला नाही.

हे जगभर सांगितलं जातं. आम्हाला मात्र चौथा भाग बोचतो. तिथल्या बाया तपासणीविना का ठेवल्या, यावर पुढे परदेशातल्या डॉक्टरांनीही कडक टीका केली. आमचं मत विचाराल तर, ती टीका रास्त आहे.

लसीच्या गोष्टीतही आपल्या मुली आहेत. 2009 मध्ये देशात अनेक ठिकाणी, पुण्यात आणि बार्शीतही, मुलींना दोन डोस पुरतात की तीन, याचा अभ्यास सुरू झाला. तेवढ्यात आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लस-प्रकल्पात काही मुली दगावल्या. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं दिसलं नाही, पण पालकांची संमती नीट घेतली नव्हती हे उघड झालं. 2010 मध्ये सरकारनं सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. त्यामुळे पुण्या-बार्शीच्या अभ्यासात जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. त्यांच्यावर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तर एका डोसनंही 16 आणि 18 पासून चांगलं संरक्षण मिळालेलं दिसलं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे या मुलीही आहेत. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस बाजारात आली. ती 6, 11, 16 आणि 18 या चार नंबरांवर चालते.

आता आपल्याकडचं. 30 वर्षांवरच्या बाईची दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणी व्हावी, असं केंद्र सरकारनं 2016 मध्येच ठरवलं. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायांत दोघींचीही तपासणी झालेली नव्हती. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी कोणत्या वारी होते, हे आशाताईंना विचारा. गटानं मिळून विचारलं तर उत्तर लवकर मिळतं. एचपीव्ही पॉझिटिव्ह निघालं तर घाबरून पिशवी काढायला पळू नका. तो कॅन्सरचा निकाल नव्हे, पुढे नीट पाहायला हवं एवढाच त्याचा अर्थ. आणि मुलीला लस दिली तरी तिशीनंतर तिची तपासणी चुकवू नका, कारण सर्व्हाव्हॅक लसीत घातक नंबर दोनच आहेत, बाकीचे फक्त तपासणीतच सापडतात.