हौशी मंडळींनी शोधलेलं जहाज

आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १५४५ साली पोर्टस्मथजवळ बुडाली. तिचा शोध कोणी सुरू केला, ठाऊक आहे? साउथसीच्या एका डायव्हिंग क्लबच्या हौशी मंडळींनी! १९६५ साली अलेक्झांडर मॅकी त्यांना घेऊन कामाला लागले. गढूळ पाणी, तळाशी चिखल. १९७१ साली अखेर जहाजाची लाकडं दिसली.

मला कौतुक वाटतं ते पुरातत्त्वज्ञ मार्गारेट रूल यांचं. पाणबुड्यांनी वर येऊन सांगितलेल्यावर किती विसंबायचं? बाई चाळिशी उलटल्यावर स्वतः डायव्हिंग शिकल्या नि उत्खननाच्या प्रमुख झाल्या. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी सांगाडा पाण्याबाहेर आला.

डायव्हिंग शिकायला निघालेल्या नातवंडांनो, मासे जरूर बघा. पण इतिहासही तिथे खालीच असतो, बरं का!