लिलावात न चढलेले धन

इ. स. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि भोसल्यांच्या हत्तीघोड्यांपासून जडजवाहिरापर्यंत पुष्कळशी चीजवस्त लिलावात निघाली. जवाहीर तर थेट कलकत्त्यास गेले. राजघराण्याची ही विटंबना इतिहासाने नोंदवून ठेवली आहे. परंतु पुढे वाडे खचू लागले, भावाभावांत वाटण्या झाल्या, तेव्हा माजघरांतून जे दुसरे धन बाहेर पडले त्याची दखल कोणी घेतली? समया, अडकित्ते, करंडे, दौती, कुलपे यांवर कधी बोली चढली नाही. त्या वस्तू मोडीत गेल्या, वजनावर विकल्या गेल्या आणि भट्टीत वितळल्या.

या मोडीच्या वाटेवर एक कवी उभा राहिला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे पुण्यातील चष्म्यांचे व्यापारी. ऐतिहासिक काव्याच्या ओढीने ते जुन्या काळाकडे वळले, आणि १९२० च्या सुमारास त्या काळाच्या वस्तूच गोळा करू लागले. तंजावरच्या सरफोजीराजांनी काशीयात्रेत पोथ्या मिळविल्या त्या राजाच्या ऐपतीने. केळकरांपाशी होते ते दुकानाचे उत्पन्न आणि पत्नी कमलाबाईंची साथ.

त्यांची नजर मात्र व्यापाऱ्याची नव्हे. पाय घासण्याची वज्री ती काय! पण तिच्या मुठीवर कारागिराने पक्षी बसविला, अडकित्त्याला राघूचा किंवा घोड्याचा आकार दिला. रोजच्या हाताळण्यातल्या वस्तूला इतके लाड कशासाठी, हा प्रश्न कवीलाच पडावा. सोन्यारुप्याच्या मोहात पडलेल्या संग्राहकाने या वस्तूंकडे ढुंकूनही पाहिले नसते. केळकर त्यांच्यासाठी गुजरात, राजस्थान, केरळपर्यंत हिंडले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी पुण्यात आणून पुन्हा उभे केले. तथापि संग्रहाचा खरा जीव त्या महालात नसून दिव्यांत आणि अडकित्त्यांत आहे, असेच म्हटले पाहिजे.

मध्यंतरी त्यांचा मुलगा राजा बालवयातच निवर्तला. घरातील जागा वस्तूंनी भरत गेली, तरी ती एक जागा रिकामीच राहिली. १९६२ साली संग्रहालय स्थापन झाले तेव्हा त्यास नाव दिले गेले ते राजाचे. लिलावघरात या संग्रहाचे मोल किती झाले असते, याचा हिशेब करण्यात अर्थ नाही. १९७५ साली केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला.

आज या संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. बाजीराव रस्त्यालगतच्या त्या इमारतीत एका वेळी मांडता येतात त्या त्यांतल्या थोड्याच.