मॉडेल रेल्वेचे इंजिन अडखळते? मोटर बदलण्याआधी हे करून पाहा

मुलांसाठी हौसेने आणलेले विजेचे छोटे रेल्वे इंजिन काही महिन्यांत धक्के देत चालू लागते आणि वेग कमी केला की थांबते. मग ते बिघडले असे समजून माळ्यावर टाकले जाते. बहुतेक वेळा मोटर चांगलीच असते. तिच्यापर्यंत वीज नीट पोहोचत नाही.

कारण
एचओ मापाची गाडी खऱ्या गाडीच्या १/८७ असते आणि तिच्या दोन रुळांत १६.५ मिमी अंतर असते. साध्या संचात १२ व्होल्टपर्यंतची वीज एका रुळातून चाकांवाटे मोटरकडे जाते व दुसऱ्या रुळातून परतते. मध्ये धूळ, तेल किंवा ठिणग्यांची काजळी आली की प्रवाह तुटतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या दमट हवेत हा मळ अधिकच चिकटतो.

उपाय, याच क्रमाने
१. रूळ : वीज बंद करून सुती कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावेत. पूर्ण वाळल्यावरच वीज सुरू करावी. सँडपेपर वापरू नये. चरे पडून त्यात मळ साचतो.
२. चाके : कापसाच्या काडीने तसेच पुसावीत. रबरी कडे असलेले चाक कोरड्या कापडानेच पुसावे. आसाला गुंडाळलेले केस, धागे चिमट्याने काढावेत.
३. वीज घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या : प्रत्येक पट्टी चाकाला हलकी टेकलेली असावी.
४. वंगण : आसाच्या टोकांना प्लास्टिकला चालणाऱ्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब, गिअरला किंचित ग्रीस. खोबरेल तेल नको. ते थंडीत गोठते.
५. रुळांचे सांधे : सैल सांधे पकडीने हलके दाबावेत. मार्ग लांब असल्यास दोन-तीन ठिकाणी तारा जोडाव्यात.
६. सराव : डबे न जोडता मध्यम वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवावे.

एक सावधगिरी
अडलेल्या इंजिनाला वेग वाढवून पळवू नये. चाके अडकलेली असताना वीज मिळत राहिली, तर मोटर तापून जळते. नातवाच्या इंजिनाची चांगली मोटर मी अशीच घालवली. आसात फक्त एक धागा अडकला होता.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. पुण्याला जाणाऱ्या सभासदांनी मुलांना तिथे जरूर न्यावे.