कर्करोग-चाचण्यांतील रुग्णपात्रता आणि वैद्यकीय प्रतिमांकन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
नव्या औषधाच्या चाचणीत कर्करोगाच्या रुग्णाला प्रवेश मिळेल की नाही, हे अनेकदा सीटी स्कॅनवरील मोजमापावर ठरते. हे मोजमाप पात्रतेचा निकष कसे बनले आणि विदर्भातील रुग्णाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

निकषांची जडणघडण :
पूर्वी गाठीचे माप बहुधा हाताने चाचपून घेतले जाई. 1976 मध्ये मोर्टेल व हॅनली यांनी फोमच्या थराखाली ठेवलेले 12 गोळे 16 अनुभवी कर्करोगतज्ज्ञांकडून मोजून घेतले, तेव्हा मापांत लक्षणीय तफावत आढळली. गाठीतील अल्प घट पुरेशी मानल्यास औषधाचा गुण नसतानाही यशाची नोंद होईल, हे त्यातून स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 1979 मध्ये परस्परांना लंब अशा दोन व्यासांच्या गुणाकारात 50 टक्के घट हा निकष दिला. 1971 मध्ये रुग्णावर प्रथम वापरलेले सीटी तंत्र पुढे सर्वत्र रूढ झाले. 2000 मधील ‘रेसिस्ट’ निकषांनी सर्वांत लांब व्यासांची बेरीज व तीत 30 टक्के घट हे प्रमाण स्वीकारले. 2009 च्या सुधारित निकषांनुसार सीटीवर गाठ किमान 10 मिलिमीटर, तर लसिका ग्रंथीचा आखूड व्यास किमान 15 मिलिमीटर असावा लागतो.

पात्रतेचा प्रश्न :
गाठ आकसणे हेच ज्या चाचणीचे मुख्य फलित असते, तिच्यात मोजता येण्याजोगी गाठ नसलेला रुग्ण घेतला जात नाही. त्यामुळे केवळ हाडांत रोग पसरलेला रुग्ण गंभीर आजारी असूनही बहुधा अपात्र ठरतो. आयुर्मान हे फलित असेल, तर ही अट आवश्यक नसते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 2005 ते 2013 या काळात, निदानाच्या वेळीच कर्करोग अन्यत्र पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या 350 स्त्रियांवर चाचणी झाली. मूळ गाठीवरील उपचाराने आयुष्य वाढते का, हा तिचा प्रश्न होता. मध्यक आयुर्मान उपचारगटात 19.2 महिने, तर दुसऱ्या गटात 20.5 महिने आढळले. म्हणजे लाभ दिसला नाही. रोग न पसरलेल्या स्त्रिया अशा चाचणीत आल्या असत्या, तर हा निष्कर्ष विश्वासार्ह राहिला नसता. पात्रतेची काटेकोर तपासणी म्हणूनच आवश्यक ठरते.

विदर्भाचा संदर्भ :
भारतात 2009 पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद अनिवार्य आहे व पात्रतेच्या अटी तेथे सर्वांना पाहता येतात. तथापि ‘रेसिस्ट’नुसार पहिला स्कॅन उपचारारंभापूर्वी चार आठवड्यांच्या आतला असावा लागतो. गडचिरोलीहून नागपूरला व तेथून सुमारे 800 किलोमीटरवरील मुंबईला जाणाऱ्या रुग्णाची ही मुदत प्रवासात आणि प्रतीक्षेत संपू शकते. मग स्कॅन पुन्हा करावा लागतो व त्याचा खर्चही वाढतो.

निष्कर्ष :
मोजमापाचे निकष रुग्णाला वगळण्यासाठी नव्हे, तर फसव्या यशापासून वाचविण्यासाठी निर्माण झाले. मात्र त्यांचा लाभ सर्वांना मिळण्यासाठी नागपुरातील स्कॅनच्या अहवालातच गाठीचे मिलिमीटरमधील माप, छेदाची जाडी व तारीख स्पष्ट नोंदविली जाणे आवश्यक आहे. अन्यथा रोगाऐवजी अंतरच रुग्णाची पात्रता ठरवील.