एकोणचाळीस शिलिंगांचा न्याय

आरोप सिद्ध झाला की नाही एवढेच ज्यूरीने सांगावे आणि शिक्षा न्यायाधीशाने ठरवावी, ही इंग्रजी फौजदारी न्यायपद्धतीतील कामाची वाटणी होय. लोकमान्य टिळकांवरील १९०८ च्या खटल्यामुळे ती मराठी वाचकाच्या चांगलीच परिचयाची आहे. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविले. सहा वर्षांची शिक्षा न्यायमूर्ती दावर यांनी दिली. परंतु अठराव्या शतकातील लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात ही वाटणी पुष्कळदा नावापुरतीच उरली होती, असे आम्हांस वाटते.

१६९९ च्या कायद्याने दुकानातून ५ शिलिंगांचा माल गुपचूप चोरणारास, आणि १७१३ च्या कायद्याने राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी करणारास फाशी सांगितली होती. गुन्हा शाबीत झाल्यावर न्यायाधीशाला दुसरी शिक्षा सांगता येत नसे. मालाची किंमत किती, हा प्रश्न मात्र वस्तुस्थितीचा, म्हणून ज्यूरीच्या अखत्यारीतला. आरोपीला फाशी होऊ नये असे वाटले की ज्यूरी घरातील ऐवजाची किंमत ३९ शिलिंग ठरवी. चोरीस गेलेली रोख नाणीदेखील अशी स्वस्त होत! ब्लॅकस्टोनने यास शपथभंगच म्हटले. पण पुण्यबुद्धीने केलेला. १६७० च्या बुशेल प्रकरणानंतर निर्णयाबद्दल ज्यूरीस दंड करण्याची सोयही उरली नव्हती. वाचलेल्या चोराच्या वाट्यास बहुधा हद्दपारी येई. प्रथम अमेरिकेत, १७८७ पासून ऑस्ट्रेलियात.

ही दया सर्वांना सारखी मिळे, असे मात्र नव्हे. सद्वर्तनाची ग्वाही देणारा शेजारी किंवा धनी ज्याच्यापाशी होता, त्याला तिची आशा. परगावच्या निराधार माणसाला ती थोडीच. या न्यायातील खरे वैगुण्य आम्हांस येथे दिसते, शपथभंगात नव्हे.

सॅम्युएल रोमिली यांचे दुकानचोरीची फाशी रद्द करणारे विधेयक १८१० मध्ये कॉमन्स सभेने संमत केले आणि लॉर्ड्स सभेने फेटाळले. १८२७ मध्ये घरातील चोरीची मर्यादा ५ पौंडांवर नेली, तेव्हा ज्यूरीची किंमतही ४ पौंड १९ शिलिंगांवर चढली! १८३२ मध्ये या गुन्ह्याची फाशी गेली.

२०१४ साली संसदेने दुकानचोरीसाठी पुन्हा एक मर्यादा घातली, २०० पौंडांची. परंतु त्या आकड्याचा संबंध खटला कोणत्या न्यायालयात चालावा एवढ्यापुरताच होता.