मार्कोसची 'फ्रांगोसिरियानी' : ओळीओळींवरील भाष्य

मार्कोस वाम्वाकारिस (1905–1972) याला ग्रीसमध्ये रेबेतिकोचा कुलपुरुष मानतात. रेबेतिको म्हणजे बंदरातल्या हमालांचे, निर्वासितांचे, कैद्यांचे आणि हशीशच्या अड्ड्यांवरचे गाणे. मार्कोसचे शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, बुझुकी हे तंतुवाद्य त्याच्या हातात आणि गळाही त्याचाच. त्याचे 1935 चे 'फ्रांगोसिरियानी' आज ग्रीसमध्ये लहानथोरांना तोंडपाठ आहे. लग्नात, खानावळीत, बोटीवर ते प्रेमगीत म्हणूनच गायले जाते. मला मात्र वाटते की मुलगी हे या गाण्याचे निमित्त आहे. त्याचा विषय सिरोस बेट आहे. गाणे चारच कडव्यांचे आहे, तेव्हा क्रमानेच जाऊ.

शीर्षक. सिरोसची 'फ्रँक' मुलगी, म्हणजे तिथली कॅथलिक मुलगी. 1204 च्या धर्मयुद्धानंतर एजियन समुद्रातली सिरोससारखी बेटे व्हेनिसच्या सरदारांकडे गेली. सिरोसच्या डोंगरावरची वस्ती, आनो सिरोस, कॅथलिक झाली आणि तशीच राहिली. खालचे एर्मूपोली शहर मात्र 1820 च्या दशकात, स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, खिओस आणि प्सारा इथून जीव वाचवून आलेल्या ऑर्थोडॉक्स निर्वासितांनी वसवले. मार्कोस वरच्या वस्तीतला, गरीब कॅथलिक घरातला. त्याचा बाप बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीचे वाद्य वाजवी. म्हणजे ज्या नावाने इतर ग्रीक मार्कोसच्या लोकांना वेगळे काढत, तेच नाव त्याने गाण्याच्या माथ्यावर घातले, आणि तेही लाडाने.

पहिले कडवे. पहिल्या दोन ओळींत काळजातली आग आहे. असे कोणीही लिहील. तिसऱ्या-चौथ्या ओळींत तिने जादूटोणा केल्याचा आरोप आहे आणि इथे थांबायला हवे. मार्कोसने आत्मकथनात या गाण्याचा जन्म सांगितला आहे. 1935 मध्ये, जवळजवळ वीस वर्षांनी, तो पहिल्यांदा सिरोसला परतला आणि किनाऱ्यावरच्या एका दुकानात वाजवायला बसला. वाजवताना त्याची मान नेहमी खाली असे, कारण लोकांकडे पाहिले की तो बावरे. एकदाच मान वर केली आणि काळ्या डोळ्यांची एक मुलगी दिसली. पुन्हा मान वर केली नाही. तिचे नाव त्याला कधी कळले नाही आणि गाणे आपल्यावर आहे हे तिलाही कळले नाही. भारल्याची तक्रार म्हणूनच खरी वाटते: एका नजरेपलीकडे या प्रेमात दुसरे काही घडलेलेच नाही.

दुसरे कडवे. किनाऱ्यावरची भेट आणि चुंबने. शेवटच्या दोन ओळी ठरावीकच आहेत, त्यांवर वेळ घालवायला नको. पण पहिल्या ओळीतला भविष्यकाळ पाहा. तो येणार आहे, म्हणजे तो तिथे नाही. गाणारा अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोलतो आहे, आणि गाणेही मार्कोसने पिरेअसला परतल्यावरच पुरे केले.

तो पिरेअसला गेला तेव्हा बारा वर्षांचा होता. तिथे त्याने बोटींवर कोळसा वाहिला, मग कत्तलखान्यात जनावरे सोलली. 1920 च्या दशकात त्याने निकोस आयवालिओतिसची बुझुकी ऐकली आणि शपथ घेतली: सहा महिन्यांत हे वाद्य आले नाही, तर कत्तलखान्यातल्या सुऱ्याने हात तोडून टाकीन. तो शिकला. त्या काळी बुझुकी जवळ असणे हेच पोलिसांना संशयाला पुरे होते. 1934 मध्ये बातिस, स्त्रातोस आणि देलियास यांच्यासह त्याने पिरेअसची ती प्रसिद्ध चौकडी उभी केली. 'फ्रांगोसिरियानी'चा ठेका हासापिकोचा आहे, आणि हासापिको हे मुळात खाटकांच्या पेठेतले नृत्य. कातडी सोलणाऱ्या हातांना तो ठेका परका नव्हता.

तिसरे कडवे. इथून गाणे खरे सुरू होते. तुला फिरवीन म्हणतो आणि नावे सांगू लागतो: फिनिकास, पाराकोपी, गालिसास, देलाग्रात्सिया. भावना मागे पडते आणि बेटाच्या पश्चिमेचा नि दक्षिणेचा किनारा पुढे येतो. देलाग्रात्सिया हे एर्मूपोलीच्या जहाजमालकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या उन्हाळी बंगल्यांचे गाव. कत्तलखान्यातला गडी तिथे हातात हात घालून फिरायला निघाला आहे. चौथ्या ओळीत, भोवळ आली तरी बेहत्तर, असा भाव येतो. पाराकोपीशी जुळणारे यमक म्हणून तो शब्द आला हे उघड आहे. पण या फेरफटक्याचे अप्रूप त्याहून चांगले सांगता आले नसते.

चौथे कडवे. पातेली, निखोरी, आलिथिनी. मग पाइनच्या झाडीतले पिस्कोपिओ, तेही खालच्या शहरातल्या पैसेवाल्यांच्या हवाबदलाचे ठिकाण. दोन कडव्यांत आठ गावे! सगळे बेट जेमतेम 84 चौरस किलोमीटरचे. आणि या यादीत जे नाही ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या डोंगरावर तो जन्मला ते आनो सिरोस नाही. ज्या शहरात शाळा सोडून त्याने पोरवयात कारखान्यात काम केले, वर्तमानपत्रे विकली, ते एर्मूपोलीही नाही. गरिबीची दोन्ही ठिकाणे वगळून त्याने उरलेले बेट आपल्या नावावर करून घेतले. म्हणून मी याला बेटाचे गाणे म्हणतो.

गाण्यापुढचा इतिहास सुखाचा नाही. मेताक्सासच्या हुकूमशाहीत सेन्सॉरने हशीशची गाणी बंद पाडली. मार्कोसच्या पहिल्या काळातल्या कितीतरी गाण्यांवर त्यामुळे गदा आली. दुसरे लग्न केल्यावर कॅथलिक चर्चने त्याला बहिष्कृत केले, म्हणजे ज्या समाजाचे नाव त्याने घरोघर नेले त्याच समाजाच्या चर्चने त्याला दार बंद केले. हा बहिष्कार 1966 मध्ये उठला. 1949 च्या जानेवारीत संगीतकार मानोस हाजिदाकिसने अथेन्समध्ये रेबेतिकोवर व्याख्यान दिले, तेव्हा मार्कोस आणि गायिका सोतिरिया बेल्लू सुशिक्षित श्रोत्यांसमोर गायले. पोटापाण्याचे हाल तरीही संपले नाहीत. 1950 च्या दशकात संधिवाताने बोटे आखडली, दम्याने श्वास, आणि तो थाळी फिरवून वाजवत राहिला. 1960 च्या सुमारास गायक ग्रिगोरिस बिथिकोत्सिसने 'फ्रांगोसिरियानी' पुन्हा गायले आणि विसरलेला मार्कोस परत घरोघर पोचला. 2017 मध्ये रेबेतिको युनेस्कोच्या वारसा यादीत गेले. आनो सिरोसमध्ये आज त्याचा अर्धपुतळा आणि संग्रहालय आहे.

बिथिकोत्सिसचा आवाज सुरेल आहे आणि बहुतेकांच्या कानांवर तोच पहिल्यांदा पडतो. वाचकहो, तुम्ही मात्र आधी 1935 चे मूळ ध्वनिमुद्रण शोधून ऐका. मार्कोसचा तो घोगरा, जड आवाज गावांची नावे घेऊ लागला की त्या दोन कडव्यांकडे नीट लक्ष द्या.